तीन पत्तीचं आजोळ

२२ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. वर्धा जिल्ह्यात पोळा भरला होता. बैलांच्या पाठीवर झुली चढल्या होत्या, तोरणाखाली जोड्या उभ्या होत्या, झडत्यांची गाणी रंगली होती. त्याच दिवशी दिल्लीत राष्ट्रपतींनी ऑनलाइन खेळांच्या नव्या कायद्यावर सही केली. पैसे लावून मोबाइलवर खेळलं जाणारं पोकर, रमी, तीन पत्ती असं सगळंच बेकायदा ठरवणारा हा कायदा. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना भेदही त्याने बाजूला सारला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

तारखांचा हा निव्वळ योगायोग. पण विदर्भातल्या माणसाला त्याचं नवल वाटावं, कारण या भागात पोळा आणि पत्ते यांचं जुनं नातं आहे. उत्तरेत दिवाळीला जसा डाव बसतो, तसा वर्धा, नागपूर, यवतमाळकडे तो पोळ्याच्या आणि तान्ह्या पोळ्याच्या आगेमागे बसतो. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या शेतातल्या झाडाखाली सतरंजी पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘ताशपत्त्यांवर हारजीतचा जुगार’ ही बातमी येते. काळ मोठा नाजूक असतो. कपाशी शेतात उभी, वेचणी अजून लांब आणि हातात असलेला पैसा बहुतेक कर्जाचा. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं, त्यात वर्धा होता. सतरंजीवर गेलेला पैसा इथे घर मोडू शकतो. म्हणून या खेळाचे नियम शिकायचे तर चिंचोक्यांवर शिकावेत. नियम मात्र जरूर शिकावेत. सतरंजीवरच्या या खेळामागे निदान चारशे वर्षांचा इतिहास आहे आणि जगभर गाजणाऱ्या पोकरशी त्याचं रक्ताचं नातं आहे.

आधी डाव कसा चालतो ते पाहू. तीनपासून सहा-सात जणांपर्यंत बैठक जमते. प्रत्येकाने मध्ये सारखेच चिंचोके टाकायचे, हा बूट. पत्ते पिसून, काटून, तीन-तीन पानं पालथी वाटायची. वाटणाऱ्याच्या पुढच्या गड्यापासून चाल सुरू होते. पानं न उचलता खेळेल तो ब्लाइंड, उचलून पाहील तो सीन. ब्लाइंडवाल्याने एक चिंचोका टाकला तर पानं पाहिलेल्याला दोन टाकावे लागतात. पानं पाहिल्याची ही किंमत. हात पडेल वाटला तर पॅक करायचं, म्हणजे पानं टाकून डावाबाहेर पडायचं. टाकलेले चिंचोके परत मिळत नाहीत. पानं पाहिलेला गडी आपल्या आधीच्या, पानं पाहिलेल्याच गड्याकडे साइड शो मागू शकतो. त्याने मान्य केलं तर दोघे एकमेकांची पानं गुपचूप बघतात आणि हलक्या हाताचा पॅक होतो. शेवटी दोघंच उरले की शो, म्हणजे पानं उघडून तुलना. दोघांतला एक ब्लाइंड असेल, तर बहुतेक बैठकांत पानं पाहिलेल्याला शो मागता येत नाही. त्याने चाल देत राहावं, नाहीतर पॅक व्हावं.

हा शेवटचा नियम विचित्र वाटतो. पानं माहीत असलेला अडकतो आणि न पाहिलेला त्याला खेळवतो. पण तीन पत्तीचं आजोळ कुठे आहे हे नेमकं या नियमावरूनच कळतं. इंग्लंडमध्ये ब्रॅग नावाचा तीन पानांचा खेळ आहे. त्यातही न पाहता खेळणाऱ्याला निम्मी किंमत पडते, पाहणाऱ्याला दुप्पट, आणि ब्लाइंड गड्याकडे शो मागता येत नाही. हातांची उतरंडही तीच. सगळ्यात वर एकसारखी तीन पानं, आपल्याकडची ट्रेल. मग एकाच रंगातली सलग तीन, म्हणजे प्युअर सिक्वेन्स. मग साधी सिक्वेन्स, कलर, पेअर आणि शेवटी नुसतं मोठं पान. फरक आहे तो तपशिलात. आपल्याकडे तीन एक्के म्हणजे सर्वश्रेष्ठ हात. ब्रॅगमध्ये तो मान तीन तिर्र्यांना. आपल्याकडे एक्का-राजा-राणी ही सगळ्यात मोठी सिक्वेन्स आणि तिच्या खालोखाल एक्का-दुर्री-तिर्री. ब्रॅगमध्ये नेमकं उलट. सासरी आल्यावर एवढा बदल व्हायचाच.

ब्रॅगच्याही मागे जाता येतं. १६व्या शतकात इटली-स्पेनकडे प्रिमेरो नावाचा चार पानांचा खेळ होता. पानं हातात, बोली तोंडात आणि खरं काय ते डोळ्यांत दिसू द्यायचं नाही, ही सगळी रीत त्यात होती. शेक्सपियरच्या ‘आठवा हेन्री’ या नाटकात राजा प्रिमेरो खेळत बसल्याचा उल्लेख आहे. जेरोलामो कार्दानो हा इटलीतला वैद्य आणि गणिती स्वतः अट्टल जुगारी होता. त्याने जुगारावर जे पुस्तक लिहिलं त्यात प्रिमेरोही आहे आणि शक्याशक्यतेचं गणित मांडण्याचा एक पहिला प्रयत्नही. तो वारला १५७६ साली, पुस्तक छापलं गेलं १६६३ साली. इंग्लंडात ब्रॅग रुळला तो पुढे. पत्त्यांच्या खेळांवर लिहिणाऱ्या एडमंड हॉइलने १७५१ साली ब्रॅगवर स्वतंत्र पुस्तिका काढली. त्या जुन्या ब्रॅगमध्ये काही ठरावीक गुलाम आणि नव्व्या कुठल्याही पानाच्या जागी चालत. आज मुलं तीन पत्तीत ‘ए के ४७’ खेळतात, म्हणजे एक्का, राजा, चव्वी आणि सत्ती हे सगळे जोकर धरतात. ती टूम नवी वाटते खरी, पण कल्पना पणजोबांची आहे.

भारतात पत्ते इंग्रजांच्या आधीपासून होते. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि सावंतवाडीत दशावतारी गंजिफाची १२० गोल पानं अजून हाताने रंगवली जातात. पण गंजिफा काय किंवा आपल्या घराघरांतला मेंढीकोट, पाच-तीन-दोन काय, हे हात करण्याचे खेळ. उतारी व्हायची, पान पडायचं, मोठं पान हात घेऊन जायचं. पानं शेवटपर्यंत न दाखवता केवळ बोलीच्या जोरावर समोरच्याला उठवायचं, ही गोष्ट इंग्रजी अमदानीत आली. विदर्भात इंग्रजी पलटणींचं मोठं ठाणं होतं कामठीला. ती छावणी १८२१ची. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला १८६२ साली, वर्धा शहर वसलं १८६६ साली आणि पुलगाव, वर्धा, सिंदीवरून जाणारी रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ साली. त्याच १८६७ साली जुगारबंदीचा कायदा झाला. ज्या मुलखांसाठी तो केला होता त्यांत मध्य प्रांत होता, म्हणजे वर्धाही. जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. निव्वळ कौशल्याच्या खेळांना मात्र त्याने तेव्हाच सूट दिली होती.

ब्रॅग आणि तीन पत्तीच्या नात्यावर शंभर वर्षांनी थेट सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का उमटला. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळणाऱ्यांवर खटला भरला गेला आणि तो दिल्लीपर्यंत गेला. नोव्हेंबर १९६७ मध्ये निकाल आला. रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं आणि काय टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं न्यायालयाने म्हटलं. तुलनेसाठी जो खेळ घेतला, तो तीन पानांचा. फ्लश, ब्रॅग अशा वेगवेगळ्या नावांनी ओळखला जाणारा हा खेळ निव्वळ नशिबाचा आहे, असं त्यात नोंदवलं गेलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते एम. हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयात वकिली केलेले आणि पुढे तिथलेच मुख्य न्यायाधीश झालेले. वर्धा जिल्हा त्याच न्यायालयाच्या कक्षेत येत असे.

निव्वळ नशिबाचा? पानं येणं नशिबाचं, यात वाद नाही. पण कधी पॅक व्हायचं हे नशीब सांगत नाही, आणि ते ठरवायचं तर आकडे ठाऊक हवेत. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यातले १६,४४० असे की त्यांत पेअरसुद्धा नाही. म्हणजे चारातल्या जवळपास तीन वेळा गड्याच्या हातात नुसतं मोठं पान असतं, आणि समोरच्याच्याही. पेअरचे हात ३,७४४. साधी पेअर आली तरी तो चांगला हात आहे, हे शेजारी चाल वाढवत असताना विसरायला होतं.

कलर आणि सिक्वेन्सचा हिशेब तर कागद-पेन्सिल घेऊन करण्यासारखा आहे. एका रंगातल्या तेरा पानांतून तीन पानं २८६ प्रकारे निघतात. रंग चार, म्हणून ११४४. त्यांतल्या ४८ प्युअर सिक्वेन्स वजा केल्या की कलरचे हात उरतात १,०९६. आता सिक्वेन्स. एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत सलग तिकड्या बारा. प्रत्येक पान चार रंगांतलं कुठलंही, म्हणून बाराला चौसष्टने गुणायचं, ७६८. पुन्हा ४८ वजा, उरल्या ७२०. सिक्वेन्स कलरपेक्षा दुर्मीळ, म्हणून ती वरची. हातात बदामाची एक्का-नव्वी-चव्वी असेल आणि समोरच्याकडे वेगवेगळ्या रंगांची सत्ती-अठ्ठी-नव्वी, तर एक्का असूनही बदामवाला हरतो.

याच हिशेबात एक गंमत दडली आहे. ट्रेल बावन्न होतात, तेरा पानांच्या प्रत्येकी चार. प्युअर सिक्वेन्स होतात अठ्ठेचाळीसच. म्हणजे आकड्यांना विचारलं तर प्युअर सिक्वेन्स वर हवी. पण ब्रॅगमध्ये तीन सारखी पानं वर होती, आणि तो मान सात समुद्रांपलीकडे वर्ध्यातही तसाच राहिला. घराण्याची रीत आकड्यांना बधली नाही.

प्रिमेरोच्याच कुळातली दुसरी शाखा अमेरिकेत गेली. १९व्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींत पोकर जन्मलं. फ्रेंचांचा पोक, जर्मनांचा पोखेन आणि इंग्रजांचा ब्रॅग, तिघांचंही त्यात काही ना काही आहे. जोसेफ कॉवेल या नटाने १८२९ साली आगबोटीवर पाहिलेला डाव आपल्या आठवणींत लिहून ठेवला. तेव्हा वीसच पानं असत, दश्शीपासून एक्क्यापर्यंत. चार गडी, प्रत्येकी पाच पानं, गड्डी संपली. पुढे बावन्न पानं आली, पानं बदलून घ्यायची सोय झाली, कलर आला आणि मागाहून सिक्वेन्स.

वर्ध्याचा तीन पत्ती खेळणारा गडी पोकर शिकायला बसला की पहिली ठेच इथेच लागते. पोकरचा हात पाच पानांचा. पाच पानांत कलरचे हात ५,१०८ होतात आणि सिक्वेन्सचे १०,२००. पारडं पार फिरतं. म्हणून पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. वरून खाली क्रम असा लागतो: एकाच रंगातली सलग पाच, चार सारखी, फुल हाउस म्हणजे तीन सारखी आणि एक पेअर, कलर, सिक्वेन्स, तीन सारखी, दोन पेअर, एक पेअर आणि मोठं पान. तीन पत्तीतली सम्राज्ञी ट्रेल इथे खालून चौथी. पोकरमध्ये मात्र रीत आणि आकडे यांचं कुठेही भांडण नाही.

आज पोकर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे टेक्सास होल्डेम येतं. टेक्सासमधलं रॉब्सटाउन हे त्याचं जन्मगाव, असं तिथल्या विधिमंडळाने २००७ साली ठरावाने मान्य केलं. लास व्हेगासमध्ये १९७० साली पोकरची जागतिक मालिका सुरू झाली. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा साधा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून येऊन तिथली मुख्य स्पर्धा जिंकला आणि मग कॉम्प्युटरवरच्या पोकरला जगभर उधाण आलं. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोनच पानं, पालथी. मध्यभागी सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात, आधी तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. पानं वाटल्यावर एकदा आणि प्रत्येक उघडणीनंतर एकदा, अशा बोलीच्या चार फेऱ्या. सात पानांतून उत्तम पाच निवडायची. वाटल्यास आपली दोन्ही, एक किंवा एकही नाही. आणि ब्लाइंड? ‘स्मॉल ब्लाइंड’, ‘बिग ब्लाइंड’ म्हणजे वाटणाऱ्याच्या पुढच्या दोघांनी पानं येण्याआधी सक्तीने टाकायची रक्कम. न पाहता निम्म्यात खेळण्याची तीन पत्तीतली चैन इथे नाही.

पोकरच्याच सेव्हन कार्ड स्टड या प्रकारात मध्यभागी काहीच नसतं. प्रत्येकाची सात पानं, त्यातली चार उघडी. त्यामुळे समोरच्यांची पानं लक्षात ठेवणारा रमीपटू तिथे चटकन रुळतो.

ओमाहा या होल्डेमसारख्याच प्रकारात चार पानं हातात येतात आणि नवशिका खूश होतो. नियम मात्र कडक: हातातली नेमकी दोन आणि मधली नेमकी तीन. समजा, मध्ये बदामाची चार पानं उघडली आणि हातात बदामाचा एक्का एकटाच आहे. होल्डेममध्ये हा सगळ्यात मोठा कलर झाला असता. ओमाहात कलर झालेलाच नाही, कारण हातातून दुसरं बदाम द्यायला नाही. चिंचोक्यांवर शिकणाऱ्याने हा एकच हात चार-पाच वेळा मांडून पाहावा.