जबलपूरचे ताल आणि त्यांच्या काठच्या बागा

जबलपूरच्या मदनमहाल टेकड्यांवर ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे एकमेकांवर तोलून राहिले आहेत. अशा खडकावर पावसाचे पाणी ठरत नाही, उताराने धावत सुटते. गढा येथील गोंड राजांनी त्यास पायथ्याशी बांध घातले. संग्रामसागर हा सोळाव्या शतकातील संग्रामशाहाचा. त्याची सून राणी दुर्गावती चंदेल कुळातील होती, आणि चंदेलांच्या महोब्यातील कीरतसागर पाहिला म्हणजे तळी बांधण्याची हौस तिने माहेराहूनही आणली असावी, असे वाटते. राणीताल तिचा, चेरीताल तिच्या दासीचा, अधारताल तिचा दिवाण अधारसिंह कायस्थ याचा, अशी परंपरा आहे. १५६४ मध्ये राणी रणांगणावर पडली, ताल राहिले. १७८१ नंतर मराठ्यांचा अंमल आला, १८१७ मध्ये इंग्रजांचा. तरी नगरातील लोक बावन्न तालांचीच गोष्ट सांगत राहिले.

तालाच्या बांधातून झिरपलेले पाणी खालच्या विहिरींना पोचते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तळाचा गाळ वाफ्यांना मिळतो. अशा बागाईतीचे जाणकार म्हणजे काछी. रसेल आणि हीरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात उत्तरेकडील जिल्ह्यांत भाजीपाला पिकविणारे म्हणून त्यांची नोंद आहे. एका पाण्यावर अनेकांचे वाफे असले म्हणजे शेजाऱ्याशी अबोला धरून भागत नाही.

परंतु ज्याच्याजवळ वीतभर जमीन नाही, अशा घरातही या भागात वर्षातून एकदा बाग फुलते. श्रावणात, नागपंचमीच्या सुमारास, पानांच्या द्रोणांत किंवा टोपल्यांत माती भरून गहू अथवा जव पेरतात. आपल्याकडील नवरात्रातील घटाची येथे आठवण व्हावी. अंधारात वाढलेली ही पिवळसर रोपे म्हणजे कजलिया किंवा भुजरिया. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी स्त्रिया त्या डोक्यावर घेऊन, गात गात तालावर जातात, माती पाण्यात सोडतात आणि धुतलेली रोपे घरी आणतात. मग ती एकमेकांस द्यायची, कानावर खोवायची, धाकट्यांनी थोरांच्या पाया पडायचे, वर्षाचे रुसवे सोडून गळाभेट घ्यायची. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला असेल, तेथे आवर्जून जायचे.

१८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग येथे जुळला, पुढे तोफगाड्यांचा कारखाना आला. नगर वाढले, नळ आले, आणि तालाची गरज संपली असे मानून त्यांवर वस्ती चढली. राणीताल म्हटले की आज क्रीडासंकुल डोळ्यांपुढे येते. भंवरताल उद्यानाच्या नावातच काय तो ताल शिल्लक आहे. १९५३ साली तेथील बकुळीखाली आपणास ज्ञानप्राप्ती झाली, असे आचार्य रजनीश सांगत. अधारतालच्या परिसरात १९६४ मध्ये कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले, हा योग मात्र त्या जुन्या दिवाणासही मानवला असता.

जबलपुरात बागा पुन्हा उभ्या करावयाच्या म्हणजे कुंपण, दिवे आणि बाकडी एवढाच विचार पुष्कळदा होतो. वस्तुतः पूर्वी बागेस माणसे आणि माणसांस बाग जोडून देणारे पाणी होते, आणि ते प्रत्येक मोहल्ल्याच्या पायी अंतरावर होते. चेरीताल हे आता वस्तीचे नाव आहे. तेथील घरांत पेरलेल्या कजलियांना दुसऱ्या मोहल्ल्याच्या पाण्याची वाट धरावी लागते.