कंट्रोल-झेड कुठवर पुरतं?

गेल्या जूनमध्ये पालीला घरी गेले होते. मागच्या सड्यावर जांभ्या दगडावर वाढणाऱ्या दगडफुलाचे सहा फोटो पाऊस सुरू व्हायच्या आत काढले होते, रंग मोजण्यासाठी. पडवीत बसून इमेज-जेमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवला आणि त्याच नावाने जेपीजी सेव्ह केले. तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, त्यामुळे तोही बंद. रात्री वीज आल्यावर 'अन्डू' बघितलं तर रिकामं. 'रिव्हर्ट' केलं तर डिस्कवरचीच फाइल आली, म्हणजे मी बिघडवलेली.

असं का होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९८७ मध्ये थॉमस नोल मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत होता (आपल्यातलाच!). काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दिसाव्यात म्हणून त्याने मॅक प्लसवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉनच्या साथीने त्याचंच पुढे फोटोशॉप झालं; पहिली आवृत्ती १९९० ची. त्यात अन्डू होतं, पण एकाच पायरीचं. कारण साधं आहे. मॅक प्लस यायचा १ एमबी मेमरी घेऊन, आणि ६४० बाय ४८० पिक्सेलचं एक रंगीत चित्र म्हणजे सुमारे ९ लाख बाइट. जुनी प्रत ठेवायची कुठे?

आता तुम्ही विचाराल, प्रत कशाला हवी? उलटं गणित करून मागे जाता येणार नाही का? नाही येत, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. समजा दोन पिक्सेल २४० आणि २५० आहेत. कॉन्ट्रास्ट ताणला की दोघेही २५५ होतात. आता त्या २५५ कडे बघून आधी काय होतं ते कुठलंच सूत्र सांगू शकत नाही. म्हणजे अन्डू हे उलटं गणित नाहीच. ते बाजूला जपून ठेवलेलं जुनं चित्र आहे.

१९९८ मध्ये फोटोशॉप ५ मध्ये 'हिस्टरी' पॅलेट आलं, तेव्हा मेमरी स्वस्त झाली होती. एकदम वीस पायऱ्या मागे जाता येऊ लागलं. पण तो इतिहासही फाइल बंद केली की पुसला जातो. पुढे काय-काय केलं याची लेखी नोंद ठेवणारा 'हिस्टरी लॉग' आला. तो मात्र आपण स्वतः चालू करावा लागतो. आणि इमेज-जे, जे आपण बहुतेक जण वापरतो, ते आजही एकच पायरी मागे जातं.

ही नुसती गैरसोय असती तर मी लिहिलं नसतं. 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'ने २००२ पासून स्वीकारलेल्या निबंधांतल्या चित्रांची तपासणी सुरू केली. शंका आली की ते मूळ प्रतिमा मागतात. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पुण्याच्या एनसीसीएसमधून आलेला २००५ चा एक निबंध 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'ने २००७ मध्ये मागे घेतला. वाद होता तो चित्रांतल्या पट्ट्या नव्या प्रयोगाच्या की आधीच्याच निबंधातल्या, याचा. संस्थेने नेमलेल्या समितीला गैर काही आढळलं नाही, 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज'ने मात्र नेमका उलटा निष्कर्ष काढला. छापलेलं चित्र एकच, ते पाहणारे जाणकारच, आणि तरी एकमत नाही.

म्हणून कॅमेऱ्यातून किंवा सूक्ष्मदर्शकातून आलेली फाइल मी आता आधी 'रीड-ओन्ली' करते. बदल करायचे ते प्रतीवर, टिफमध्ये. इमेज-जेमधला मॅक्रो रेकॉर्डर चालू ठेवला की प्रत्येक आज्ञा ओळीने लिहिली जाते. ती मजकुराची फाइल चित्राशेजारीच ठेवते. मूळ आणि मॅक्रो हातात असले की कितीही पायऱ्या मागे जाता येतं.

त्या सहा फोटोंसाठी मी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सड्यावर गेले. दगड तेच सापडले. पण तोवर पाऊस लागला होता आणि भिजलेलं दगडफूल हिरवटलं होतं. कोरडा रंग मोजायला आता पुढचा उन्हाळा.