शनिवारची सुट्टी

परवा लेकीने जुना अल्बम काढला आणि विचारलं, "बाबा, माझ्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंत तू कुठेयस?"

मी कुठे होतो? लंडनला, कॅनरी वार्फमधल्या ऑफिसात. साल २००७, वार शनिवार. प्रोजेक्ट रखडलेलं, त्यामुळे शनिवारीही हजेरी ठरलेलीच. वाढदिवस फोनवरच साजरा केला. गंमत म्हणजे ही चकाचक वसाहत ज्याने उभी केली, तो पॉल राइखमन शनिवारी कामाला हातही लावत नसे! हे मला फार उशिरा कळलं.

राइखमन १९३० मध्ये व्हिएन्नात जन्मला. वडील अंड्यांचे व्यापारी, घर कर्मठ ज्यू. हिटलरपासून जीव वाचवत हे कुटुंब पॅरिसमार्गे १९४० मध्ये आफ्रिकेच्या टोकाला, टँजियरला पोचलं. तिथून त्याची आई छळछावण्यांतल्या कैद्यांसाठी खाण्याची पार्सलं पाठवत असे. पुढे भावंडं कॅनडात, टोरांटोला आली आणि टाइल्स विकू लागली. गोदाम बांधायचं होतं, पण कंत्राटदार फार पैसे मागत होते, म्हणून त्यांनी ते स्वतःच बांधलं. बांधकामाचा धंदा सुरू झाला तो असा. १९७५ मध्ये त्यांच्या 'ऑलिम्पिया अँड यॉर्क'ने टोरांटोत ७२ मजली इमारत उभी केली होती.

१९८७ मध्ये त्याने लंडनच्या बंद पडलेल्या गोदीचं काम हाती घेतलं. १९९१ मध्ये ५० मजली मनोरा तयार झाला, पण नेमकी मंदी आली. ऑफिसं रिकामी, भुयारी रेल्वेचा पत्ता नाही (ती आली १९९९ मध्ये), आणि डोक्यावर अब्जावधींचं कर्ज. १९९२ मध्ये कंपनी कोसळली. पठ्ठ्याने १९९५ मध्ये भागीदार जमवून कॅनरी वार्फ परत विकत घेतलं! २००४ मध्ये ते पुन्हा हातचं गेलं. २०१३ मध्ये तो वारला.

या सगळ्यात एक नियम होता. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत काम बंद, थेट शनिवारी रात्रीपर्यंत. त्याच्या कंपनीची बांधकामंसुद्धा तेवढा वेळ थांबत.

तो काही संत नव्हता. कर्जाचा जुगार खेळला आणि हरला. पण त्याच्या मागे अख्ख्या जगातल्या बँका होत्या; माझ्या मागे नुसती एक रिलीज डेट. ते सॉफ्टवेअर आता कुणी वापरतही नाही.

लेकीला एवढंच म्हणालो, "ऑफिसात होतो गं." तिने पान उलटलं. असो.