विजापूर पडल्यानंतरचे शिपाई

विजापूर म्हटले की आपल्या मुलांना गोलघुमट आठवतो. सहलीला जाऊन तेथे एकमेकांना हाका मारून आलेले विद्यार्थी पुष्कळ भेटतात. परंतु आदिलशाही बुडाल्यावर तिच्या साध्या शिपायाने दुसऱ्या दिवशी काय खाल्ले असेल, हे कोणी विचारीत नाही. पन्हाळ्याचा मुलूख दीर्घकाळ त्याच सत्तेखाली होता. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

औरंगजेबाच्या फौजांनी एप्रिल १६८५ मध्ये विजापूरला वेढा घातला. तो सुमारे दीड वर्ष चालला. किल्ल्यातला दाणा-चारा संपला. माणसे व घोडी उपासमारीने मेली. सप्टेंबर १६८६ मध्ये तरुण सिकंदर आदिलशहा शरण गेला. त्याला सालीना एक लाख रुपयांची नेमणूक मिळाली व १७०० साली तो बादशहाच्या कैदेतच वारला.

घोडी मेली, हे वाक्य आपण सहज वाचून जातो. त्या काळी स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार आणि धन्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचा मान व पगार अधिक. घोडा मेला की त्याची सारी मिळकतच गेली. मग दुसऱ्याचा बारगीर व्हा, नाही तर पायदळात उभे राहा!

मोठ्यांची सोय झाली. शर्झाखान मोगलांकडे जाऊन रुस्तुमखान झाला. अब्दुल रऊफ मियाना दिलेरखान झाला व त्याच्या घराण्याने पुढे सावनूरची नबाबी चालविली. शिपायाला मात्र जेथे भाकरी तेथे चाकरी.

ही भाकरीही सुखाची नव्हती. १६८८ च्या अखेरीस विजापूरला बादशाही छावणीत व शहरात प्लेगाची भयंकर साथ आली. काखेत, जांघेत गाठ येई, ताप भरे आणि माणूस थोड्याच दिवसांत जाई. खुद्द बादशहाची बेगम औरंगाबादी महल त्यात दगावली. सरदार फिरोजजंग वाचला, पण त्याची दृष्टी गेली. वेढ्यातून वाचलेल्या किती शिपायांची कबर तेथेच झाली असेल!

उरलेल्यांना लढाईच दिसत होती. कालपर्यंत गोवळकोंड्याचा सरदार असलेला शेख निजाम मोगलांकडे मुकर्रबखान झाला आणि १६८९ च्या आरंभी कोल्हापूरकडूनच निघून त्याने संगमेश्वरी संभाजी महाराजांना पकडले. पुढच्याच वर्षी साताऱ्याजवळ मराठ्यांनी शर्झाखानाला कैद केले. मराठ्यांच्या फौजेतही मुसलमान शिपाई जुने होते. सिद्दी हिलाल शिवाजी महाराजांकडून लढलेला आहे. पन्हाळा तर १६८९, १६९२ व १७०१ असा हातोहात फिरत राहिला. शिपाईगिरीला काम होते, घर नव्हते.

पुढे शस्त्र खाली ठेवण्याची पाळी आली ती पिढ्यांनंतर. आपल्या भागातील बारगीर, जमादार, सनदी, नायकवडी ही आडनावे त्या चाकरीची खूण आहेत. आडनावावरून थेट विजापूरशी नाते जोडणे मला पटत नाही. नुसता अभिमान इतिहास होत नाही. पण शिकलगारांकडे पाहा. तलवारीला धार लावणारे हात विळ्या-सुऱ्यांना धार लावू लागले.

ज्यांच्या घरी पेटीत जुनी सनद अगर फर्मान असेल, त्यांनी ते वाळवीच्या स्वाधीन न करता फारसी व मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावे, आणि वाचताना मुलांना जवळ बसवावे.