किल्ल्याच्या दप्तरातील अहिंसेचे कलम

वही हा व्यापाऱ्याचा दुसरा प्राण होय. दिवाळीच्या मंगल मुहूर्तावर नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामी व शालिभद्र यांचे स्मरण करून व्यवहारास आरंभ करण्याची आपल्या समाजाची परंपरा आहे. परंतु वर्ष सरले, येणे-देणे चुकते झाले की तीच वही माळ्यावर जाते आणि पुढे कधीतरी रद्दीत निघते. या सवयीचे मोल समाजाला किती द्यावे लागले, हे सतराव्या शतकातील सुरत व मुंबई येथील इंग्रजांची दप्तरे पाहिली म्हणजे ध्यानात येते.

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेस वखार घातली ती १६१३ च्या सुमारास. वखारीतील प्रत्येक पत्राची नक्कल ठेवावी, प्रत्येक सल्लामसलतीची नोंद करावी, असा तेथील शिरस्ता होता. या नोंदींत एक नाव वारंवार येते, ते सुरतेचे नगरभूषण श्रेष्ठी वीरजी व्होरा यांचे. ते लोंकागच्छाचे अग्रणी श्रावक होते. क्रियोद्धारक लवजी ऋषी हे त्यांचे दौहित्र, असे स्थानकवासी परंपरा सांगते. बुऱ्हाणपूर, आग्रा येथपर्यंत त्यांची पेढी पसरली होती. १६२५ साली इंग्रजांना मिरी हवी होती. वीरजींचा भाव परवडेना, म्हणून त्यांनी दख्खनेत आपला माणूस धाडला, तर वीरजींच्या माणसांनी चढा भाव देऊन तेथील मालही आधीच उचलला. असे असूनही भांडवल कमी पडले की कंपनी कर्जासाठी त्यांच्याच दारी जात असे.

जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगलांच्या या संपन्न पेठेवर स्वारी केली, तेव्हा वीरजींचा वाडाही लुटला गेला. वखारीतील एका इंग्रज धर्मोपदेशकाने त्या प्रसंगी लिहिलेल्या पत्रात त्यांची मालमत्ता ऐंशी लक्ष रुपयांची असल्याचे नमूद आहे. एवढ्या मोठ्या पुरुषाचे व्यापारी चरित्र आज आपणांस कळते ते मुख्यतः त्यांच्या ऋणकोंच्या कागदांवरून! धनको म्हणून त्यांनी काय विचार केला, कोणास सवलत दिली, धर्मकार्यास किती द्रव्य वेचले, हे सांगू शकणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या वह्या कालौघात लुप्त झाल्या.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई बेट पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आले आणि १६६८ मध्ये सालीना दहा पौंड खंडावर ते कंपनीस मिळाले. आज ‘फोर्ट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागातील किल्ला ही त्या वेळी चार सत्तांच्या सीमेवरची लष्करी चौकी होती. उत्तरेस साष्टी-वसईचे पोर्तुगीज, दक्षिणेस जंजिऱ्याचे सिद्दी, समोरच्या किनाऱ्यावर उदयास येणारे मराठी राज्य आणि मध्ये ही मूठभर शिबंदी. तोफांनी किल्ला राखता येतो, पण पेठ वसवता येत नाही, हे जाणून गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने व्यापाऱ्यांना निमंत्रणे धाडली.

त्या काळी दीव येथील नीमा पारख या वणिक व्यापाऱ्याने मुंबईस येण्यापूर्वी आपल्या अटी लेखी मागितल्या. मार्च १६७७ मध्ये कंपनीच्या दप्तरात त्यांची नोंद झाली व बहुतेक मान्यही झाल्या. आपल्या घराच्या आवारात स्वधर्माचे आचरण निर्वेधपणे करता यावे. रीतीप्रमाणे मृतांचे दहन करता यावे. ज्ञातीतील कोणासही ख्रिस्ती होण्याची सक्ती नसावी. पहाऱ्याची वा वेठीची चाकरी लादू नये. कोणी फिर्याद केल्यास आधी रीतसर समज द्यावी, चारचौघांत अटक करून अप्रतिष्ठा करू नये. युद्धप्रसंगी माल, द्रव्य व कुटुंब यांच्या रक्षणासाठी किल्ल्यात वखार मिळावी. आणि या सर्वांबरोबर आणखी एक मागणी होती. त्यांच्या आवारात कोणीही, मग तो इंग्रज असो वा अन्य कोणी, जीवहत्या करू नये.

दारूगोळ्याने भरलेल्या किल्ल्याच्या दप्तरात प्राणिमात्राच्या अभयाचे हे कलम आजही वाचावयास मिळते. अहिंसा ही केवळ उपाश्रयात ऐकावयाची गोष्ट नसून ती व्यवहाराच्या करारात, जकात व वखार यांच्या पंक्तीस घालावयाची अट आहे, असे त्या वणिकाने मानले. ती तोंडी राहिली असती तर पुढचा गव्हर्नर येताच विस्मृतीत गेली असती. ती कागदावर उतरली व कागद जपला गेला, म्हणूनच सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ टिकली.

हे कागद टिकले ते आपोआप नव्हे. १८२१ साली मुंबई सरकारने स्वतंत्र दप्तरखाना स्थापन केला. त्याचाच वारसा आज महाराष्ट्र शासनाचा पुराभिलेख विभाग चालवीत आहे. पुढे विल्यम फॉस्टर यांनी १६१८ ते १६६९ या काळातील वखारींच्या कागदांचे तेरा खंड १९०६ पासून सिद्ध केले. त्यांतूनच वीरजी व्होरा अभ्यासकांना नव्याने भेटले.

ग्रंथसंरक्षणात जैन समाज कोणाहून मागे नाही. पाटण व जेसलमेर येथील ज्ञानभांडारांनी ताडपत्रे शतकानुशतके सांभाळली. कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीस, आपण ग्रंथांवरील धूळ झटकून त्यांचे पूजन करतो. उणीव राहिली ती एवढीच की, शास्त्र जपले, पण व्यवहाराचा कागद जपला नाही. संघाच्या सभांची इतिवृत्ते, देणगीदारांच्या याद्या, जीर्णोद्धाराचा जमाखर्च, पांजरापोळीच्या चाऱ्याची बिले हीदेखील आपल्या श्रद्धेचीच साक्ष होत.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वह्या व इतिवृत्ते एका कपाटात क्रमवार लावून त्यांची सूची करावी. येत्या ज्ञानपंचमीस ग्रंथांशेजारी त्यांनाही स्थान द्यावे. अन्यथा शताब्दीच्या वेळी आपला इतिहास आपल्याच वारसांना परक्यांच्या दप्तरात शोधावा लागेल.