हैदराबाद, ऑगस्ट २०१० आणि इचलकरंजीचे सुभाष खोत

२०१० च्या गणेशोत्सवाआधी पंधरा दिवस आपल्या भाग्यनगरीत एक आगळा मेळा भरला होता. दर चार वर्षांनी होणारी गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद १९ ते २७ ऑगस्टला प्रथमच भारतात आली. उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. निमंत्रित वक्त्यांच्या यादीत एक मराठी नाव होते : सुभाष खोत. इचलकरंजीत वाढलेले, १९९५ साली आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात पहिले आलेले, मुंबईहून प्रिन्स्टनला गेलेले.

त्यांचा विषय समजायला पत्थरगट्टीच्या मोतीबाजारात जाऊ. दोन मोती आपल्याला सारखेच दिसतात. जव्हेरी म्हणतो, वेगळे आहेत. हात पाठीमागे घ्यावेत, मनात येईल तो मोती पुढे करावा आणि विचारावे, ‘कोणता?’ वीसही वेळा उत्तर बरोबर आले, तर ते नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी. आपल्याला फरक दिसला नाही, तरी खात्री पटली.

सिद्धता म्हणजे ओळीन् ओळ तपासायचा लेख, ही युक्लिडपासूनची समजूत. १९८५ साली शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली व चार्ल्स रॅकॉफ यांनी, आणि स्वतंत्रपणे लास्लो बाबाई यांनी, सिद्धतेला सवालजवाबाचे रूप दिले. सांगणारा सर्वज्ञ, पण त्याच्यावर विश्वास नाही. तपासणारा साधा, पण प्रश्न अवचित विचारणारा. १९८८ मध्ये सांगणारे दोन झाले. कोर्टातल्या साक्षीदारांसारखे त्यांना वेगळे बसवायचे आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे.

याच खेळातून खोतांनी २००२ साली ‘युनिक गेम्स’ अनुमान मांडले. यात एकाच्या प्रत्येक उत्तराशी दुसऱ्याचे एकच उत्तर जुळते. असा खेळ जवळजवळ पूर्ण जुळवता येतो की जवळजवळ मुळीच नाही, एवढे ओळखणेही संगणकाला झटपट जमणार नाही, असे ते अनुमान सांगते.

त्याने काय बिघडते? प्रत्येक रस्त्याच्या निदान एका टोकाच्या चौकात पोलीस हवा. कमीत कमी किती लागतील? सोप्या रीतीने फार तर दुप्पट पोलिसांत काम भागते. खोतांचे अनुमान खरे असेल, तर झटपट चालणारी, याहून लक्षणीय चांगली रीत कधीच सापडणार नाही. शोध कुठे थांबवायचा, हे त्यावर ठरते.

२०१४ साली सोलच्या परिषदेत खोतांना नेवानलिना पारितोषिक मिळाले. हैदराबादच्या प्रमुख व्याख्यात्यांत इरित दिनूर होत्या. त्या, खोत आणि इतर सहकारी यांच्या कामातून २०१८ साली याच अनुमानाच्या एका सौम्य रूपाची सिद्धता पूर्ण झाली. मूळ अनुमान मात्र अजून सिद्धही नाही, खोटेही ठरलेले नाही. आपल्या मंडळातल्या गणितवेड्या मुलामुलींसाठी ते कोडे अजून खुले आहे.