प्रभातच्या फाटकावर बसलेली शांता आपटे

मागच्या महिन्यात आमच्या गावच्या समाजमंदिरात चार गटांच्या बायका जमल्या होत्या. कर्जाच्या कागदांवर काय लिहिलेलं असतं, हे समजून घ्यायचं होतं. बैठक लवकर आटोपली. मग मी पंचायतीच्या टीव्हीला लॅपटॉप जोडून 'कुंकू' हा १९३७ सालचा प्रभातचा चित्रपट लावला. काळा-पांढरा, आवाज खरखरीत. पोरी म्हणाल्या, "ताई, हे काय लावलं?" पण थोड्या वेळानं त्याच पोरी मांडी सरकवून पुढे येऊन बसल्या. त्यातली नायिका म्हणजे शांता आपटे. आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

आधी एक सांगते. त्या काळात प्रभातमध्ये दोन शांता होत्या. १९३९ सालच्या 'माणूस' चित्रपटातली ती शांता हुबळीकर. बऱ्याच जणी दोघींची गल्लत करतात. आपली शांता वेगळी.

शांता आपटे आपल्या सोलापूर जिल्ह्यातली. अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनी गावात १९१६ साली तिचा जन्म झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर आणि गाण्याची आवड असलेले. शांता पंढरपूरला गाणं शिकली, गणेशोत्सवात गायली. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये ती राधा झाली. तेव्हा चांगल्या घरच्या मुलीनं सिनेमात जाणं म्हणजे नाक कापल्यासारखं मानायचे. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, १९१३ साली, तारामतीचं काम एका पुरुषानं केलं होतं, कारण बाई मिळाली नाही. त्याला वीस वर्षंही झाली नव्हती.

१९३४ साली प्रभातचा 'अमृतमंथन' आला आणि शांताबाईंचं नाव झालं. प्रभात कंपनी मूळची कोल्हापूरची, नुकतीच पुण्याला आली होती. तिथे नटनटींना गिरणीतल्या कामगारासारखा महिन्याचा पगार असे. सकाळी यायचं, सांगतील ते काम करायचं, करार असेपर्यंत दुसऱ्या कंपनीत काम करायचं नाही. आज आपण ऐकतो की नट एका सिनेमाचे कोटी कोटी घेतात. तेव्हा तसं नव्हतं. कंपनी मोठी, नट तिचा नोकर. पडद्यावर तोंड दिसायचं नटीचं आणि तिकिटाचा गल्ला जायचा मालकांकडे.

आता 'कुंकू'कडे येते. नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवर व्ही. शांतारामांनी तो काढला. नीरा नावाच्या मुलीचं लग्न पैशाच्या लोभानं एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतात. त्या म्हाताऱ्याचं काम केशवराव दाते यांनी केलं आहे. आणि नीरा काय करते? रडत बसत नाही, विहीरही जवळ करत नाही. ती सरळ सांगते, हे लग्न मी मानत नाही. त्या घरात राहते, पण नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. वयानं मोठा सावत्र मुलगा वाईट नजरेनं बघतो, तेव्हा छडीनं फोडून काढते. आमच्या समाजमंदिरात त्या वेळी टाळ्या पडल्या. एक सत्तरीच्या आजी तेवढ्या गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, "आमच्या वेळी असली छडी कुणी हातात दिली असती तर."

या चित्रपटात मागे वाजणारं संगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, घरातले नेहमीचे आवाज, बस्स. त्यामुळे ते घर आपलंच वाटतं.

शेवट मात्र आमच्या बायकांना आवडला नाही. म्हाताऱ्याला आपली चूक कळते आणि तो जीव देतो, म्हणजे नीरा मोकळी होईल. एकीनं विचारलं, "सोडचिठ्ठी द्यायची, मरायला कशाला पाहिजे होतं?" प्रश्न बरोबर आहे. पण काही जातींत काडीमोडाची चाल होती, ती सोडली तर १९३७ साली पुण्या-मुंबईकडच्या हिंदू बाईला कायद्यानं घटस्फोट मिळत नव्हता. मुंबई प्रांतात तो कायदा १९४७ साली झाला आणि देशभर १९५५ साली. कथेत नीरेची सुटका करायची तर म्हाताऱ्याला मारण्यावाचून दुसरी वाट नव्हती.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते पडद्याबाहेरचं. 'कुंकू' गाजला, हिंदीत 'दुनिया न माने' म्हणून देशभर चालला. पुढच्या वर्षी 'गोपालकृष्ण' आला. शांताबाई प्रभातच्या मोठ्या नटी झाल्या. आणि १९३९ च्या जुलै महिन्यात याच बाई पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकावर उपोषणाला बसल्या! करार आणि पगार यांवरून कंपनीशी त्यांचं बिनसलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं. सरकारविरुद्ध उपोषण लोकांना माहीत होतं. पण एका नटीनं, स्वतःच्या मजुरीसाठी, आपल्याच कंपनीच्या दारात उपाशी बसायचं, हे कुणी पाहिलं नव्हतं. वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. उपोषण फार दिवस चाललं नाही. पण जी बाई पडद्यावर 'हे लग्न मी मानत नाही' म्हणाली होती, तिनं करारालाही तोच सवाल केला. पुढे त्यांनी प्रभात सोडली.

हे वाचलं तेव्हा मला माझंच आठवलं. बी.ए. करत असताना मी एका ठिकाणी शिकवायला जात होते. रजिस्टरमध्ये सही एका आकड्यावर घ्यायचे आणि हातात त्याच्या निम्मे ठेवायचे. दोन वर्षं मी सही केली. बोलले असते तर तेही गेले असते, असं वाटायचं. शांताबाईंकडे नाव होतं, गळा होता, दुसरीकडे काम मिळण्याची खात्री होती, हे खरं. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. तरी त्या निम्म्या आकड्यांची बेरीज मी अजून विसरले नाही.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, शांताबाईंनी एक पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?' या नावाचं. सिनेमात जायची स्वप्नं बघणाऱ्या मुलींना त्यांनी त्यात या धंद्याची आतली बाजू सांगितली. मालक कोण, मजूर कोण, शरीर किती झिजतं, हे. नटीनं काम करणं म्हणजे मजुरीच आहे, असं म्हणणारी बाई तेव्हा विरळाच. नट्यांच्या नावावर तेव्हा प्रेमाच्या भानगडी छापल्या जायच्या. ही बाई कामाच्या अटींबद्दल लिहीत होती.

प्रभात सुटली म्हणून काम थांबलं नाही. १९४१ साली मद्रासकडच्या तमिळ 'सावित्री'त त्यांनी सावित्रीचं काम केलं. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या. त्याच चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद झाल्या होत्या, आणि मिळालेले पैसे त्यांनी 'कल्की' साप्ताहिक उभं करायला लावले. दोन्ही बाया पैशाचा हिशोब जाणणाऱ्या! नंतर मुंबईत शांताबाईंनी 'जमीनदार', 'सुभद्रा', 'स्वयंसिद्धा' असे बरेच चित्रपट केले. पण 'कुंकू'ची सर कशाला आली नाही, असं माझं मत. १९६४ साली मुंबईत त्या गेल्या, पन्नाशीही झाली नव्हती. त्यांची मुलगी नयना आपटे, मराठी रंगभूमीवरची, तिला तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलं असेल.

प्रभातच्या त्या जागेवर आता सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मुलं-मुली तिथे सिनेमा शिकायला येतात. प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते तेव्हा लॉ कॉलेज रस्त्यानं रिक्षा जात होती. मी रिक्षावाल्या दादांना म्हटलं, जरा थांबा. फाटक बघितलं. दादांनी विचारलं, "कोण आहे का आत तुमचं?"